पोर्शे-फेरारीवाल्यांनी 'स्वस्तातली' गाडी काढावी का?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. गुहागर तालुक्यात आमचं घर, चार खोल्या पर्यटकांना देतो हे जुन्या लोकांना माहीत आहेच. गेल्या शनिवारी पुण्याहून एक जोडपं येणार होतं. बुकिंगच्या फोनवर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो एसीचा नाही, सुरमईच्या ताटाचा नाही, तर "तुमच्या गेटात चढ केवढा आहे?" मला वाटलं गुडघ्याचं काही ऑपरेशन झालं असेल.

आले ते पोर्शे बॉक्सटर घेऊन. राखाडी रंग, दोन सीट, कापडी टप. आमच्या बेड्याशी जांभ्याचा उंबरा आहे, अर्धा चिरा वर आलेला, आमची वॅगनआर वर्षानुवर्षं त्यावरून उड्या मारत आत येते. हा माणूस उतरला, पुढची डिकी उघडली (इंजिन सीटच्या मागे, सामान पुढे) आणि त्यातून दोन फळ्या काढल्या. सागाच्या, एका टोकाला रंध्याने उतार दिलेला, खालून सायकलच्या ट्यूबचं रबर ठोकलेलं. उंबऱ्याला लावल्या, बायको समोर उभी राहून "डावी घे, अजून डावी, बस्स" आणि गाडी खळ्यात. दाभोळ-धोपावे फेरीवर चढताना ओहोटी होती तर तिथेही ह्याच फळ्या वापरल्या म्हणाला. आमची आई पडवीतून बघत होती, तिने एवढंच विचारलं, "एवढे पैसे घालून दोनच माणसं बसतात?"

रात्री सोलकढी पिताना बोलणं निघालं. गाडी सेकंडहॅंड, दहा वर्षं पैसे साठवून घेतलेली. पण म्हणे पोर्शेवाल्यांच्या गाठीभेटींना गेलं की ९११ वाले (९११ म्हणजे पोर्शेची मुख्य, जास्त महाग गाडी) ह्याला जरा बाजूलाच ठेवतात, "९११ परवडली नाही म्हणून बॉक्सटर" असं तोंडावर हसत हसत बोलतात. "आमच्यातही सोवळं-ओवळं असतं हो," म्हणाला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. अशा कंपन्यांनी स्वस्तातलं मॉडेल काढावं का? स्वस्त म्हणजे आपल्यासाठी नाही, त्यांच्या हिशोबाने स्वस्त. मला वाटतं जरूर काढावं, त्या माणसाचा चेहरा बघितला असतात तर तुम्हीही हेच म्हणाला असतात. पण नाव खराब होतं असंही म्हणतात. काय वाटतं?

चाकरमानी_ठाणे
माझ्या बजेटात त्या दोन फळ्या बसतात. सागाच्या नको, फणसाच्या चालतील.

नऊशेअकरा
आयडी बघून कळलंच असेल मी कुठल्या गोटातला. (माझ्याकडे तीन ९११ आहेत, तिन्ही शोकेसमध्ये, सर्वात मोठी वीतभर लांब.)

खाडीकाठचा, तुमच्या पाहुण्याला सांगा की त्याला हिणवणाऱ्यांना स्वतःच्या कंपनीचा इतिहास माहीत नाही. पोर्शे साठ वर्षं हेच करत आलीय. त्यांची जुनी ३५६ बंद होऊन ९११ आली तेव्हा ती एकदम महाग झाली, जुने गिऱ्हाईक बोंबलले, म्हणून १९६५ ला ९१२ काढली. तीच बॉडी, आत सहाच्या जागी चार सिलिंडरचं इंजिन. तीस हजारांच्या वर खपली. मग १९६९ ला ९१४, ती फोक्सवॅगनबरोबर भागीदारीत, युरोपात तर फोक्सवॅगन-पोर्शे म्हणूनच विकली. १९७६ ला ९२४, जी मुळात फोक्सवॅगनसाठी डिझाईन करायला घेतलेली, इंजिन ऑडीच्या घरचं, बनायची पण ऑडीच्या नेकार्सुल्मच्या कारखान्यात. लोक तिला आयुष्यभर नावं ठेवत राहिले. पण त्यातूनच पुढे ९४४ झाली आणि तिने धंदा दिला.

आणि बॉक्सटर! १९८६ ला पोर्शे वर्षाला पन्नास हजारांच्या वर गाड्या विकत होती, १९९३ पर्यंत पंधरा हजारांच्या आत आली. कंपनी विकली जाते की काय अशी वेळ. तेव्हा वीडेकिंग कंपनीचे प्रमुख म्हणून आले, जपानी सल्लागार आणून कारखाना झाडून काढला, आणि ठरवलं की नवी ९११ आणि नवी स्वस्त गाडी एकत्रच डिझाईन करायची, पुढचा अर्धा भाग दोघींचा एकच. दारं, बॉनेट, हेडलाईट, सगळं. १९९६ ला बॉक्सटर आली, मागोमाग ९११. बॉक्सटर एवढी चालली की जर्मनीत पुरेना, फिनलंडमध्ये बनवायला दिली. तेव्हा ९११ आज जिवंत आहे ती ह्या 'गरिबाच्या पोर्शे'मुळे, नंतर कायेन-मकान ह्या एसयूव्ही आल्या म्हणून गब्बर झाली ते वेगळं.

रुसवा कशाचा होता सांगू? हेडलाईटचा. बॉक्सटर आणि ९११ समोरून सारख्याच दिसायच्या, तळलेल्या अंड्यासारखे दिवे. दीडपटीहून जास्त पैसे मोजलेल्या माणसाला सिग्नलला शेजारचा ओळखेना. २००२ ला कंपनीने ९११ चे दिवे गुपचूप बदलून दिले.

मालवणी_खाजा
आमच्या वाडीत असली गाडी इली तर आधी गाऱ्हाणां घालूचा लागतला.

बा देवा रवळनाथा, ह्या तुझ्या लेकरान कर्ज काढून दोन सीटची गाडी हाडल्यान हा, तिचा पोट रस्त्याक घासता हा, तर वाटेत जे काय खड्डे, गतिरोधक, आडवी बसलेली गुरां आसतीत ती बाजूक कर, आणि जर कोणी म्हटल्यान की ही खरी पोर्शे न्हय, तर तेचा तोंड बंद कर रे म्हाराजाऽऽ

चाकरमानी_ठाणे
व्हय म्हाराजाऽऽ

गुहागरी
व्हय म्हाराजा! =))

हिशोबी
गाऱ्हाणं घालायचंच आहे तर दिल्लीला घाला. इथे स्वस्त-महागची चर्चा म्हणजे हवेतल्या गप्पा, कारण गाडी बाहेरून तयार येते तेव्हा तिची किंमत कंपनी ठरवतच नाही. ४० हजार डॉलरच्या वरच्या गाडीला आता ७० टक्के कस्टम ड्युटी आणि वर ४० टक्के कृषी सेस (२०२५ च्या बजेटात आकड्यांची अदलाबदल केली, बेरीज तीच ११०). म्हणजे १०० रुपयांची गाडी बंदरात २१० ची झाली. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, तो २१० वर. झाले २९४. मग आरटीओ, विमा, डीलरचं कमिशन. तेव्हा जर्मनीत जो शाळामास्तर रिटायर होताना बॉक्सटर घेऊ शकतो तो इथे घेऊच शकत नाही, इथे ती बिल्डरचीच. कंपनी कितीही 'एंट्री लेव्हल' म्हणो, आपली एंट्रीच बंद आहे.

पेणचा_पोहा
शेतीसाठी सेस पोर्शेवर? बळीराजाला कळवा कोणीतरी.

जुनाखेळाडू
ड्युटीवरून आठवलं. आपल्या सचिनसाहेबांची फेरारी ३६० मोडेना! ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाटने दिलेली, २००२ ला शुमाकरच्या हस्ते. त्याची ड्युटी माफ केली म्हणून केवढा गदारोळ झाला होता, शेवटी ती फियाटनेच भरली. म्हणजे ज्याला गाडी फुकट मिळाली त्यालाही ती परवडताना मारामार.

अलिबागची_सई
मी जरा उलट बोलते, मारू नका. अशा वस्तूची सगळी गंमतच 'सगळ्यांकडे नाही' यात आहे. माझ्या आईची पैठणी आहे, येवल्याची, हातमागाची, लग्नात नेसते म्हणजे चार बायका पदर उलटा करून मागची वीण बघतात. आता सेमी पैठणी हजार-दीड हजारात कुठेही मिळते, मला आनंदच आहे, पण आता खरी नेसली तरी कोणी पदर उलटा करत नाही, सगळ्यांना वाटतं सेमीच असेल. हे नुकसान कोणाच्या हिशोबात धरायचं?

फेरारी बघा. २०१३ साली त्यांनी मुद्दाम गाड्या कमी केल्या, सात हजारांच्या आत ठेवल्या. आता २०२४ मध्ये १३,७५२ गाड्या दिल्या, म्हणजे जवळजवळ दुप्पट, पण स्वस्त मॉडेल काढून नाही. चार दारांची पुरोसांग्वे काढली तीसुद्धा व्ही-१२ इंजिनाची आणि बाकीच्या बऱ्याच फेराऱ्यांपेक्षा महाग. ज्यांना फेरारी परवडत नाही त्यांच्यासाठी टोपी, टीशर्ट, अत्तर आणि अबुधाबीचं थीम पार्क आहे. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

चाकरमानी_ठाणे
फेरारीची टोपी माझ्याकडे आहे. आंगणेवाडीच्या जत्रेत घेतली, १२० रुपये, घोड्याला पाच पाय आहेत.

नऊशेअकरा
@सई, फेरारीनेही काढलीच होती की. डिनो! १९६८ च्या सुमारास, ९११ ला टक्कर द्यायला. व्ही-६ इंजिन, सीटच्या मागे आडवं बसवलेलं. एन्झो फेरारींचा मुलगा डिनो १९५६ ला २४ व्या वर्षी गेला, त्याचं नाव दिलं. आणि गंमत म्हणजे गाडीवर फेरारी हे नाव कुठेही नाही, घोडा नाही. म्हातारबुवांना बारा सिलिंडरच्या खालचं फेरारी म्हणून विकायचं नव्हतं म्हणतात. त्या काळी लोक 'ही कसली फेरारी' म्हणायचे. आज २४६ डिनो लिलावात लाखो डॉलरला जाते आणि एकही माणूस म्हणत नाही की ती फेरारी नाही.

अलिबागची_सई
म्हणजे माझाच मुद्दा झाला ना! नाव लावलं नाही म्हणून नाव टिकलं.

बांद्याचा_गोंयकार
अवांतर: ह्या सगळ्यात आपल्या किनाऱ्यावरची स्पोर्ट्स कार विसरलात. सॅन स्टॉर्म! १९९८ ला आलेली, गोव्यात बनायची. दोन दारं, दोन सीट, फायबरची बॉडी, कापडी टप, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. आमच्या कॉलेजच्या वेळी म्हापशात एक होती, लाल, तिचा मालक बाजारात नारळ घ्यायला जरी थांबला तरी पाच-दहा पोरं जमायची. एकदा मी आत बसलोय. दार लावलं की सगळी गाडी प्लास्टिकच्या डब्यासारखी वाजायची, पण टप काढून पणजीच्या पुलावरून जाताना... असो. स्वस्त स्पोर्ट्स कारचा प्रयोग जर्मनांच्या बापाचा नाही, आपणही केलेला आहे. फार खपली नाही. आपल्याकडे दोन सीटची गाडी म्हणजे रिक्षापेक्षा एक सीट कमी, हे गणित आड येतं. (खाडीकाठच्या आई बरोबर बोलल्या.)

गुहागरी
आणि अशी गाडी चालवायची कुठे? २०११ पासून मुंबई-गोवा हायवेचं काम चाललंय, माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता, आता इंजिनिअरिंगला गेला. स्पीडब्रेकर नियमाने १० सेंमी उंच असायला हवा, ह्या गाड्या जमिनीपासून १०-१२ सेंमी वर, म्हणजे नियमातला ब्रेकर जेमतेम पार होईल, पण आपल्याकडचे ब्रेकर नियम वाचून घातलेले नसतात, ग्रामपंचायतीकडे जेवढी खडी उरली तेवढे उंच.

पेणचा_पोहा
कोलाडला रेल्वेवर चढवायची. कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कारसाठी रो-रो काढली की, कोलाड ते वेर्णा, ७,८७५ रुपये. पोर्शे वॅगनवर, मालक डब्यात, घाट-खड्डे सगळं चुकलं.

मालवणी_खाजा
म्हंजे पोर्शे आगगाडीत बसान गावाक येतली. चाकरमानीच झाली ती.

गॅरेजवाला_चिपळूण
सगळे घेण्याचं बोलताय, ठेवण्याचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. माझं मल्टिब्रॅंड गॅरेज, अशा बड्या घरच्या 'छोट्या' गाड्या अधूनमधून येतात. स्वस्त मॉडेल घेताना स्वस्त असतं, पार्ट मोठ्या भावाच्याच भावाने येतात. माझ्या एका गिऱ्हाईकाने जुनी जर्मन सेडान घेतली होती, सर्वात खालचं मॉडेल, पाच-सहा वर्षं वापरलेली, नव्या क्रेटापेक्षा स्वस्त पडली म्हणून खूश. पहिल्याच पावसाळ्यात परशुराम घाटात दगड उडून हेडलाईट गेला. अख्खा असेंब्लीच बदलावा लागतो, नुसती काच मिळत नाही. कोटेशन बघून तो अर्धा तास बाकावर बसून राहिला, त्या पैशात माझी नवी स्कूटर आली तेव्हा. पुढे २२ जुलै २०२१ च्या पुरात तीच गाडी माझ्याच गॅरेजात होती, डॅशबोर्डपर्यंत पाणी. चिखल काढायला चार दिवस लागले. विमा कंपनीने टोटल लॉस दिला आणि खरं सांगू, तो माणूस सुटल्यासारखा हसला.

बॉक्सटरचं सांगायचं तर इंजिन वरून दिसतच नाही, बॉनेट उघडून बघायची सोयच नाही, मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं तेवढी ठेवलीत. बाकी बहुतेक काम खालून, लिफ्टवर घेऊन. आणि २००८ पर्यंतच्या इंजिनात आयएमएस बेअरिंग नावाची भानगड आहे, ती बसली तर इंजिनच जातं. २००९ पासूनच्या इंजिनातून ती काढूनच टाकली. तेव्हा @खाडीकाठचा, पाहुण्यांची गाडी कुठल्या सालची ते विचारा. घाबरवत नाहीये, पण विचारा.

मूळ प्रश्नाचं म्हणाल तर काढावी, पण सर्व्हिसचा खर्चही त्या गिऱ्हाईकाला झेपेल असा ठेवावा. नाहीतर मुलीला सोन्यानं मढवून सासरी पाठवायची आणि रिक्षाला पैसे द्यायचे नाहीत, असं होतं.

स्पीड४००
मी बाईकवाला. २०२३ च्या जुलैत बजाजने ट्रायम्फची स्पीड ४०० चाकणला बनवून काढली, सव्वादोन लाखांच्या आसपास, त्याच महिन्यात हिरोने हार्लेची एक्स-४४०. मी ट्रायम्फ घेतली. बोनव्हिलवाले सुरुवातीला नाकं मुरडत होते, आता राईडला बरोबर येतात, चहाचे पैसे मात्र मलाच द्यायला लावतात. गाडी चांगली असली की माणसं गप्प होतात, एवढाच माझा अनुभव.

हिशोबी
आणि उलट उदाहरण नॅनो. गाडी वाईट नव्हती, पण 'सर्वात स्वस्त' हा शिक्का बसला तो बसलाच. ती जाहिरात चुकली असं रतन टाटा स्वतः नंतर म्हणाले होते. आपल्या माणसाला स्वस्त हवं असतं, स्वस्त दिसायला नको असतं.

बागवाला
कालपासून वाचतोय, आता राहवत नाही. गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही, आमच्याकडे पिकअप आहे, तिच्यात पेट्या जातात. पण हा प्रश्न आम्ही दर मार्चात सोडवतो.

चाकरमानी_ठाणे
आला! आंबा आला! ह्या संस्थळावर कुठलाही धागा पन्नाशीच्या आत आंब्यावर येतो असं मी म्हटलेलं.

बागवाला
मेल्या पुरतं लिहू तर दे.

देवगडात आमची दीडशे कलमं. झाड तेच, मोहर तोच, तरी सगळी फळं पेटीला जात नाहीत. लहान राहिलेलं, डाग पडलेलं, पाखराने टोच मारलेलं, हे कॅनिंगला, क्रेटमधून किलोवर. चांगलं पेटीत, डझनावर. म्हणजे स्वस्त माल आम्हीही विकतो, शेकडो किलो. त्याने आमच्या पेटीचं नाव कधी खराब झालं नाही, कारण कॅनिंगच्या क्रेटवर आमचं नाव नसतं आणि घेणाऱ्यालाही माहीत असतं काय घेतोय. ही तुमची डिनो.

एका वर्षी, मी नववी-दहावीत असेन, फळ कमी आलं होतं. वडलांनी पेटीच्या खालच्या थरात बारीक फळ भरलं. वरचे दोन थर एक नंबर, मध्ये पेंढा, खाली बारीक. मीच भरत होतो, हाताला कळत होतं की हे फळ मुठीत मावतंय. वाशीच्या दलालाने फोन केला नाही, भांडला नाही, काही नाही. पुढच्या वर्षी आमची पेटी उघडताना त्याने पहिल्यांदा तळातून उघडली, सगळ्यांसमोर. फळ चांगलं होतं त्या वर्षी. तरी दोन मोसम दर तुटून मिळाला.

आणि तिसरा प्रकार म्हणजे कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात. २०१८ ला जीआय (ह्याच भागाचा आंबा अशी अधिकृत ओळख) मिळाला, आता फळावर कोडचे स्टिकर लावतोय, तरी चालूच. तर माझं म्हणणं, कंपनीने आपल्याच झाडाचं लहान फळ लहान म्हणून विकलं तर काय बिघडत नाही. दुसऱ्याचं फळ आपल्या खोक्यात घालून विकलं की संपलं.

नऊशेअकरा
बागवाले, लोटांगण. दुसऱ्याचं फळ आपल्या खोक्यात, ह्याची गाडी आहे! ॲस्टन मार्टिन सिग्नेट, २०११. टोयोटाची आयक्यू, आपल्या नॅनोएवढीच, तिला ॲस्टनची जाळी, आत चामडं, आणि किंमत आयक्यूच्या जवळपास तिप्पट. कारण काय, तर युरोपात कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या धुराची सरासरी काढायचा नियम आला, मोठ्या इंजिनांची सरासरी खाली आणायला हे बाळ दत्तक घेतलं. वर्षाला चार हजार विकू म्हणाले, ब्रिटनमध्ये सगळ्या मिळून दीडशेच्या आसपास गेल्या, २०१३ ला बंद.

अलिबागची_सई
छान आहे हो सिद्धांत, पण मासेरातीचं काय? १९८१ ची बायटर्बो. इंजिन त्यांचं, डिझाईन त्यांचं, सगळं त्यांच्याच झाडाचं. दोन टर्बो लावून विकलेली पहिली गाडी. स्वस्तात मासेराती म्हणून लोक तुटून पडले आणि मग गाड्या रस्त्यात बंद पडायला लागल्या, गंजायला लागल्या, नाव एवढं गेलं की १९९१ ला अमेरिकेतून गाशा गुंडाळला. फळ दुसऱ्याचं नव्हतं बागवाले.

बागवाला
कोवळं तोडलं असेल. दर चांगला म्हणून घाईत पंधरा दिवस आधी उतरवायचं आणि कार्बाइडात पिकवायचं. वरून पिवळंधम्मक, आत आंबट. झाड आपलंच असतं हो ताई, ह्याला औषध नाही.

अलिबागची_सई
:) हे मान्य. तरी माझी पैठणी मी सोडत नाही. तुमच्या पेटीतलं लहान फळ कोणी मोठं समजून गळ्यात घालून मिरवत नाही. गाडीचं नव्वद टक्के मिरवणंच आहे.

गॅरेजवाला_चिपळूण
दहा टक्के लिफ्टवर.

स्पीड४००
@सई, सगळेच मिरवायला घेत नाहीत. फळ्या रंधून, रबर ठोकून बरोबर घेऊन फिरणारा माणूस मिरवायला नाही आलेला.

मालवणी_खाजा
बागवाल्यानु, कॅनिंगचो आंबो गावता काय वो ह्या वर्षी? क्रेटचो भाव काय?

बागवाला
आधी मोहर तर येऊ दे.

खाडीकाठचा
बापरे, दोन दिवस नेटवर्क नव्हतं, एवढं लिहिलंत. सगळ्यांचं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं, तिला बागवाल्यांच्या वडलांची गोष्ट ऐकून वाईट वाटलं.

माझं मत थोडं सरकलंय. काढावी हे अजून म्हणतो, पण आधी मी 'पाहुणा खूश दिसला' एवढ्यावर म्हणत होतो. त्याला काल फोन केला. गाडी २०१० ची आहे, तेव्हा @गॅरेजवाला, बेअरिंगची भानगड नाही, त्याला ते आधीच माहीत होतं, त्यासाठीच दोन वर्षं जास्त थांबला म्हणे. ९११ का नाही घेतली असं सरळच विचारलं, पैसे असते तर घेतली असती का. जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "घेतली असती. आणि मग बायकोने कधीच चालवली नसती." कारण तेवढी महाग गाडी ती हातात धरत नाही. आमच्याकडे येताना वाटेतला घाट तिनेच उतरवला होता, पण गेटाशी त्याने फळ्यांसाठी चाक घेतलं, आणि मी मूर्ख मनातल्या मनात तिला नुसती डावी-उजवी सांगणारी समजत होतो.

अजून एक. ते गेल्यावर संध्याकाळी खळं झाडताना बघतो तर फळ्या गडग्याला टेकवलेल्या तशाच. म्हटलं आता हे फेरीवर चढणार कसे. तर म्हणाला परत जाताना भरती होती, फेरीचा दरवाजा धक्क्याला सपाट लागला, आठवणच झाली नाही. कुरियर करू का विचारलं तर नको म्हणाला, नव्या करून घेतो, ह्या तुमच्याकडेच राहू द्या, एप्रिलात येतोय. आईने त्यातली एक सध्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावलीय, चढायला.